पेनेलोपी हें नांव

मुलगी जन्मास आली म्हणजे तिला नांव काय ठेवावें, हा प्रश्न सर्व देशांतील घरांत सारखाच गोड आणि सारखाच अवघड असतो. आजीला कुळांतलें जुनें नांव हवें असतें, आत्याला नवें. बापाला अर्थाचा आग्रह असतो, तर आईचें लक्ष हांक मारतांना तें कानाला कसें लागतें इकडे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत अलीकडे या घरगुती वादाचा निकाल पुष्कळ वेळां एका अतिप्राचीन ग्रीक नांवानें लागतो. तें नांव म्हणजे पेनेलोपी. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत हें नांव इतकें मागें पडलें होतें कीं, मुलींच्या पहिल्या एक हजार नांवांतहि तें सांपडेनासें झालें. नव्या शतकाच्या आरंभीं तें परत आलें, आणि त्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तर पहिल्या पन्नासांत जाऊन बसलें.

नांवांचीं पुस्तकें त्याचा अर्थ चटकन सांगून मोकळीं होतात : विणणारी, आणि लक्षणेनें एकनिष्ठ पत्नी. हा अर्थ खोटा नाहीं; पण अपुरा आहे. पति परदेशीं गेला असतां वीस वर्षें घराच्या उंबरठ्याआड बसून राहिलेल्या बायकोचें नांव, ज्या मुली पुढें स्वतःच घराबाहेर पडणार, शिकणार आणि मिळवणार, त्यांना आईबापांनीं हौसेनें कां ठेवावें? या प्रश्नाचें उत्तर त्या पुस्तकांत नाहीं. त्यासाठीं मूळ काव्याकडे गेलें पाहिजे.

होमरचें 'ओडिसी' हें महाकाव्य इसवी सनापूर्वीं आठव्या शतकाच्या सुमारास आकारास आलें असें सामान्यतः मानतात. इथाका बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर जातो. युद्ध दहा वर्षें चालतें, आणि समुद्रदेवाच्या कोपामुळें परतीच्या वाटेवर आणखी दहा वर्षें जातात. पाळण्यांत टाकून गेलेला मुलगा, टेलेमॅकस, मिसरूड फुटलेला तरुण होतो. राजा मेला असें समजून आसपासच्या बेटांतले सरदार राणीला मागणी घालण्यास येतात आणि वाड्यांतच ठाण मांडतात. त्यांची मोजदाद काव्यांत दिलेली आहे : डुलिखियमचे ५२, सामीचे २४, झॅकिन्थसचे २० आणि खुद्द इथाकेचे १२; मिळून १०८. ते राजाचींच डुकरें आणि बोकड मारून खातात, त्याच्याच मद्याचे रांजण रिकामे करतात, आणि राणीनें आमच्यांतला एक निवडल्याशिवाय हालणार नाहीं म्हणतात.

येथें ती प्रसिद्ध युक्ति येते. वृद्ध सासऱ्यासाठीं, लाएर्टिससाठीं, प्रेतवस्त्र विणून पुरें होऊं द्या, मग लग्नाचें पाहूं, असें पेनेलोपी सांगते. दिवसा ती मागावर विणते आणि रात्रीं दिवट्यांच्या उजेडांत विणलेलें सारें उकलून टाकते. तीन वर्षें असें चालतें. चौथ्या वर्षीं एक दासी फितूर होते, राणी रात्रीं रंगेहात पकडली जाते, आणि मग निरुपायानें तें वस्त्र पुरें करावें लागतें.

ही हकीकत काव्यांत तीन वेळां सांगितलेली आहे, आणि पहिल्यानें ती सांगणारा तिचा कोणी हितचिंतक नाहीं. मागणीदारांपैकीं सर्वांत उद्दाम असा जो अँटिनोअस, तो भर सभेंत ती तक्रार म्हणून सांगतो : दोष आमचा नव्हे, ह्या बाईचा आहे; हिच्याइतकी धूर्त स्त्री पूर्वीं कोणी पाहिली नाहीं. शत्रूच्या तोंडची ही तक्रार म्हणजे तिच्या बुद्धीला मिळालेलें पहिलें प्रशस्तिपत्र होय. होमरनेंहि तिच्या नांवामागें पुनःपुन्हां जें विशेषण लावलें आहे, त्याचा रोख निष्ठेवर नसून विचारावर आहे. चहूंकडून विचार करणारी, असा त्याचा भाव. पतिव्रता म्हणून तिची कीर्ति मागाहून वाढली. कवीला ती प्रथम दिसली ती शहाणी म्हणून.

तिचें शहाणपण त्या एका वस्त्रापाशीं संपतहि नाहीं. एके दिवशीं ती नटूनथटून दिवाणखान्याच्या दाराशीं येते आणि, मागणी घालणाऱ्यानें नजराणे आणावयाचे असतात कीं यजमानाचें खावयाचें असतें, असें त्या सरदारांना ऐकवून त्यांच्याकडून वस्त्रें आणि दागिने उकळते. भिकाऱ्याच्या वेषांत बसलेला ओडिसियस हें पाहून मनांतल्या मनांत खूष होतो. पुढें ती त्या भिकाऱ्याला एक स्वप्न सांगते : आपल्या अंगणांत वीस हंस दाणे टिपीत होते, ते पाहण्यांत आपल्याला आनंद वाटे, एका गरुडानें येऊन ते सारे मारले, तेव्हां आपण रडलों. गरुड म्हणजे नवरा आणि पाळीव हंस म्हणजे मागणीदार, हें स्वप्नांतच उलगडतें. मग ती रडली कां? ह्या अश्रूंवर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. होमरनें मात्र त्यांचा खुलासा केलेला नाहीं, आणि तेंच बरें केलें आहे. जिच्या मनाचा तळ सहज लागत नाहीं अशी ही स्त्री आहे.

शेवटीं धनुष्याचा पण लागतो, बारा परशूंतून बाण पार जातो, रक्तपात होतो, आणि ओडिसियस आपली ओळख देतो. तरीहि ती धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडत नाहीं. वीस वर्षांनीं आलेला मनुष्य खरोखर तोच कशावरून? ती दाईला सहज म्हणून सांगते कीं, तो पलंग खोलीबाहेर आणून यांची पथारी घाल. ओडिसियस एकदम खवळतो, कारण तो पलंग हालूंच शकत नाहीं. जिवंत जैतून वृक्षाचा शेंडा छाटून, मुळांसकट उभ्या असलेल्या बुंध्याचाच त्यानें पलंगाचा खांब केला होता आणि भोंवतीं शयनगृह बांधलें होतें. हें गुपित त्या दोघांशिवाय आणि एका दासीशिवाय कोणास ठाऊक नव्हतें. संबंध काव्यभर जो साऱ्या जगाला फसवीत आला त्याला येथें बायकोनें फसवलें, आणि तेव्हांच ती त्याला बिलगली. नलदमयंतीचें आख्यान ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथें दमयंतीची आठवण होईल. तीहि दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून नळाला बाहेर काढते, आणि बाहुकाच्या कुरूप वेषाला न भुलतां, केवळ नळालाच साध्य अशा पाककौशल्यावरून त्याला ताडते. दोन्हीकडे परीक्षा पुरुषानें घेतलेली नाहीं, स्त्रीनें घेतलेली आहे.

या कथेला एक काळी कडा आहे, तीहि सांगितली पाहिजे. मागणीदारांशीं संबंध ठेवणाऱ्या बारा दासींना टेलेमॅकस एका दोरावर फांशीं देतो. त्या वेळीं पेनेलोपी माडीवर झोंपलेली असते.

आतां नांवाची व्युत्पत्ति. ग्रीक भाषेंत 'पेनी' म्हणजे बाण्याचें सूत, मागावर आडवें जाणारें. त्यावरून नांवाचा पूर्वार्ध लागतो. उत्तरार्धाविषयीं मात्र एकमत नाहीं. कोणी तो 'मुख' किंवा 'नेत्र' या अर्थाच्या शब्दाशीं जोडतात, तर कोणी 'उपसणें, ओढून काढणें' या अर्थाच्या धातूशीं. विणणें आणि उकलणें हीं दोन्ही एकाच नांवांत असावींत ही कल्पना इतकी सुंदर आहे कीं, तिच्याविषयीं थोडा संशयच यावा. काव्यावरून नांव पाडलें कीं नांवावरून काव्यांतली युक्ति सुचली, हें सांगणें कठीण आहे.

दुसरी व्युत्पत्ति कमी काव्यमय, पण भाषाशास्त्रज्ञांना अधिक पटणारी आहे. 'पेनेलॉप्स' नांवाचें एक रानबदक ग्रीकांना ठाऊक होतें. त्यावरून एक कथाहि रचली गेली. मुलीचें मूळ नांव वेगळेंच होतें; तान्हेपणीं तिला समुद्रांत टाकण्यांत आलें; ह्या बदकांनीं तिला पाण्यावर तोलून धरून किनाऱ्यास लावलें, आणि तेव्हांपासून तिला त्यांचें नांव पडलें. बाराव्या शतकांतील थेसालोनिकाचे धर्माधिकारी युस्टेथियस यांनीं होमरवरील आपल्या प्रचंड भाष्यांत ही कथा नोंदून ठेवली आहे. १७५८ सालीं लिनियसनें पक्ष्यांचें वर्गीकरण केलें तेव्हां एका बदकाला 'पेनेलोपी' हेंच नांव दिलें. करड्या अंगाचें, तांबूस डोक्याचें आणि कपाळावर पिवळसर पट्टा असलेलें हें बदक उत्तरेकडील थंड प्रदेशांतून दर हिवाळ्यांत हिंदुस्थानांत येतें, आणि महाराष्ट्रांतील मोठ्या जलाशयांवरहि उतरतें. पैठणजवळच्या नाथसागरावर त्याला पाहणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, विणकरांच्या गांवाशेजारीं उतरलेला हा पाहुणा एका विणणारणीचें नांव घेऊन आलेला आहे. योगायोगच तो, पण मोठा मौजेचा.

इथाकेच्या राणीची कीर्ति प्राचीन काळींहि निर्वेध नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसॅनियस नांवाचा चिकित्सक प्रवासी ग्रीसभर हिंडला. स्पार्टाजवळ त्यानें लज्जादेवीची एक मूर्ति पाहिली आणि तिची कथा टिपून घेतली. पेनेलोपीचा बाप इकॅरियस याला मुलीचा वियोग सोसवेना. जांवई तिला घेऊन निघाला तेव्हां हा रथामागून विनवीत चालला. शेवटीं ओडिसियस तिला म्हणाला, यावयाचें तर आपखुषीनें ये, नाहीं तर बापाबरोबर परत जा. तिनें उत्तर दिलें नाहीं. फक्त तोंडावरून पदर ओढून घेतला. बाप काय तें समजला, आणि त्यानें त्या जागीं ती मूर्ति उभी केली. सासरीं निघालेल्या मुलीचें हें चित्र आपल्याकडील कोणत्याहि घराला परकें वाटणार नाहीं.

त्याच पॉसॅनियसला मँटिनिया गांवीं मातीचा एक उंचवटा दाखवण्यांत आला. ही पेनेलोपीची समाधि, असें गांवकरी म्हणाले. त्यांच्या मतें ती निष्ठावंत नव्हतीच. मागणीदारांना तिनेंच घरांत घेतलें, म्हणून ओडिसियसनें तिला हांकून दिलें, आणि ती येथें येऊन मेली. हिरोडोटससारखा इतिहासकार तर बकऱ्याच्या पायांच्या पॅन देवाला पेनेलोपीचा पुत्र म्हणणारी ग्रीकांची समजूत नोंदवतो. तेव्हां होमरनें जी पेनेलोपी उभी केली ती एकमेव पेनेलोपी नव्हती. अनेक लोककथांतून ती निवडली गेली, आणि कवीच्या सामर्थ्यानें इतर साऱ्या कथा मागें पडल्या.

शिल्पकारांनींहि कवीचीच बाजू घेतली. पाय दुमडून, हातावर डोकें टेकून, विचारांत बुडालेली पेनेलोपी ग्रीक कलेंत ठरून गेली होती. तिचा एक संगमरवरी पुतळा, इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा, १९३० नंतरच्या दशकांत उत्खननांत सांपडला. पण तो ग्रीसमध्यें नव्हे, तर इराणांत. पर्सिपोलिस येथील इराणी सम्राटांच्या कोषागाराच्या राखेंत त्याचें धड पडलेलें होतें. इसवी सनापूर्वीं ३३० सालीं शिकंदरानें तो राजवाडा जाळला त्या वेळीं ही पेनेलोपीहि त्या आगींत सांपडली. शत्रूच्या खजिन्यांत ती कशी गेली, नजराणा म्हणून कीं लूट म्हणून, याविषयीं तर्क पुष्कळ आहेत. ग्रीकांच्या सेनेनें लावलेल्या आगींत ग्रीकांचीच गृहिणी भंगली, एवढें खरें. मस्तक नसलेला तो पुतळा तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

कथा आणि पुतळे ह्यांचें एक झालें. माणसांच्या मुलींना तें नांव केव्हां पडूं लागलें? महाकाव्यांतलीं थोर नांवें पोटच्या पोरांना ठेवण्याची चाल अभिजात काळच्या ग्रीकांत फारशी नव्हती. पुढें ख्रिस्ती धर्म आला, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं संतांचीं नांवें देण्याचा प्रघात पडला. त्यांत एक चमत्कार घडला. हेलन आणि पेनेलोपी ह्या चुलत बहिणी. जिच्या पायीं ट्रॉय बेचिराख झालें त्या हेलनचें नांव घरोघर चालू राहिलें, कारण कॉन्स्टंटाइन सम्राटाची आई हेलना ही संत ठरली होती. जी घर राखून राहिली त्या पेनेलोपीला मात्र देवळाचें दार बंद झालें. तिच्या नांवाची जी एक संत धर्मकथांत येते तिची गोष्टहि हेंच सांगते. बापानें बुरुजांत कोंडलेली ती राजकन्या जन्मानें पेनेलोपी होती. पण ख्रिस्ताला शरण जातांना तिचें तें नांव जाऊन 'इरीनी', म्हणजे शांति, हें नांव तिला मिळालें. त्याच नांवानें ती पूज्य झाली.

पश्चिम युरोपांत पेनेलोपी परतली ती लॅटिन कवि ओव्हिड याच्या पत्रकाव्यांतून आणि बोकॅचोसारख्यांनीं लिहिलेल्या स्त्रीचरित्रांतून. इंग्लंडांत हें नांव सोळाव्या शतकांत मोठ्या घराण्यांतून दिसूं लागतें. त्यांतली पहिली प्रसिद्ध स्त्री पेनेलोपी डेव्हरो. तिचा जन्म १५६३ चा. सर फिलिप सिडनेच्या प्रेमकवितेंतली 'स्टेला' ती हीच, असें मानतात. तिचें लग्न लॉर्ड रिच याच्याशीं झालें, जीव मात्र चार्ल्स ब्लाउंट याच्यावर जडला. त्याच्यापासून तिला मुलें झालीं, आणि १६०५ सालीं घटस्फोट होऊन धर्मपीठाच्या नियमाविरुद्ध तिनें त्याच्याशीं लग्नहि केलें. नांव ठेवणाऱ्यांच्या अपेक्षा आणि नांव वागवणारीचें आयुष्य यांचें नातें किती सैल असतें, याला याहून ठळक उदाहरण कशाला हवें! आयर्लंडांत तर 'फिन्नुआला' या आपल्या देशी नांवाला इंग्रजी पेहराव हवा म्हणून पेनेलोपी हें नांव वापरूं लागले; अर्थाशीं त्यांना कांहीं कर्तव्य नव्हतें, कानाला थोडें साम्य वाटलें कीं पुरे. विसाव्या शतकांत इंग्लंडच्या सुशिक्षित घरांत ह्या नांवाची चलती झाली. हिंदुस्थानच्या सरसेनापतीची मुलगी पेनेलोपी चेटवुड ही त्यांतलीच. हिनें कोणाची वाट पाहिली नाहीं. उलट हिमालयांतल्या वाटा आयुष्यभर तुडवल्या, कुलू खोऱ्यावर पुस्तक लिहिलें, आणि १९८६ सालीं तिकडेच डोंगरांत देह ठेवला. स्पेनमध्यें १९६९ सालीं हुआन मान्युएल सेरात या गायकाचें 'पेनेलोपी' हें गीत गाजलें. त्यांतली बाई स्टेशनाच्या बाकावर बसून प्रियकराची वाट पाहते. तो म्हातारा होऊन परत येतो, तेव्हां, मी ज्याची वाट पाहतें तो तूं नव्हेस, म्हणून ती बसूनच राहते. पुढें जगप्रसिद्ध झालेली नटी पेनेलोपी क्रूझ हिचें १९७४ सालीं बारसें झालें तें ह्या गीतावरून. नांव ग्रीसचें, परंतु तिच्या आईबापांपर्यंत तें आलें रेडिओच्या वाटेनें.

परंतु हें नांव म्हणजे केवळ आवडीनिवडीची बाब न राहतां जेथें राष्ट्राचा प्रश्न झाला, तो देश ग्रीस. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्कांच्या सत्तेखालीं असलेल्या ग्रीक समाजांत विद्येचें पुनरुज्जीवन होऊं लागलें. आपण नुसते सुलतानाचे ख्रिस्ती रयत नसून प्लेटो आणि पेरिक्लीस यांचे वंशज आहोंत, ही जाणीव शाळांतून पसरली. ती प्रथम प्रकट झाली नांवांत. १८१७ सालीं पॅरिसच्या प्रसिद्ध मुद्रक घराण्यांतला आंब्रवाझ फिर्मां-दिदो हा तरुण आशियामायनरच्या किनाऱ्यावरील किडोनिएस गांवच्या विद्यालयांत कांहीं काळ राहिला होता. तेथील विद्यार्थ्यांनीं आपसांत ठराव केला कीं, यापुढें आपण प्राचीन ग्रीक भाषेंतच बोलूं. आणि त्याबरोबर आपलीं बाप्तिस्म्याचीं नांवें बाजूस ठेवून त्यांनीं प्राचीन वीरांचीं आणि विद्वानांचीं नांवें घेतलीं. पोरखेळ म्हणून हंसण्यासारखी ही गोष्ट नव्हती, हें धर्मपीठाच्या लौकरच ध्यानांत आलें.

१८१९ सालीं कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क ग्रेगरी पांचवे यांनीं आज्ञापत्र काढून बाप्तिस्मा घेणाऱ्या मुलांना प्राचीन ग्रीक नांवें देण्याच्या या नव्या चालीचा निषेध केला. त्यांच्या दृष्टीनें त्यांत धोका होता, आणि तो खोटाहि नव्हता. संताचें नांव मुलाला धर्मसमाजाशीं बांधतें. अचिलीस किंवा पेनेलोपी हें नांव त्याला दुसऱ्याच कोठल्या कुळाशीं बांधतें. शिवाय सुलतानापुढें साऱ्या ग्रीक प्रजेच्या राजनिष्ठेचे जामीन पॅट्रिआर्कच होते. दोनच वर्षांनीं, १८२१ सालीं, स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. ज्यांनीं ह्या नांवांना विरोध केला त्याच ग्रेगरींना, बंड आटोक्यांत ठेवूं शकले नाहींत म्हणून, सुलतानाच्या हुकुमानें ईस्टरच्या सणादिवशीं त्यांच्याच मठाच्या दरवाजावर फांशीं देण्यांत आलें. किडोनिएसचाहि त्याच वर्षीं विध्वंस झाला.

ग्रीस स्वतंत्र झाल्यावर तो वाद आपोआप मिटला. अस्पासिया, कॅलिओपी, पेनेलोपी हीं नांवें घरोघर ऐकूं येऊं लागलीं. घरगुती हांक म्हणून पेनेलोपीची 'पोपी' झाली. स्वदेशापासून दूर, व्यापाराच्या निमित्तानें परमुलुखांत राहणाऱ्या ग्रीक कुटुंबांत तर अशा नांवांचा अभिमान अधिकच. आलेक्झांड्रियांतील कापसाचे मोठे व्यापारी इमॅन्युएल बेनाकिस यांच्या घरीं १८७४ सालीं मुलगी झाली, तिचें नांव पेनेलोपी ठेवण्यांत आलें. हीच पुढें पेनेलोपी डेल्टा या नांवानें ग्रीसमधील मुलांची सर्वांत लाडकी लेखिका झाली.

तिचें बालपण कडक शिस्तींत गेलें. १८९५ सालीं आईबापांनीं निवडलेल्या स्टेफानोस डेल्टा यांच्याशीं तिचें लग्न झालें, आणि तिला तीन मुली झाल्या. १९०५ सालीं आलेक्झांड्रियांत इऑन ड्रागूमिस हा तरुण मुत्सद्दी आला. तो लेखक होता, आणि मॅसिडोनियांतील ग्रीक चळवळीचा एक प्रमुख सूत्रधार. दोघांचें एकमेकांवर उत्कट प्रेम बसलें. तिनें तें नवऱ्यापासून लपवलें नाहीं. पण घरहि सोडलें नाहीं. मुलींसाठीं आणि घराच्या अब्रूसाठीं ती राहिली. ह्या काळांतली तिची घालमेल तिच्या कागदपत्रांत उघडीनागडी आहे. त्यांतूनच, जणूं हात रिकामे राहूं नयेत म्हणून, ती लिहूं लागली. 'देशासाठीं' ही पहिली गोष्ट १९०९ सालीं, 'निनांवी कथा' १९१० सालीं, आणि बायझंटाइन सम्राट बॅसिल याच्या काळावरील मोठी कादंबरी १९११ सालीं निघाली. मुलांना त्यांच्या बोलीच्या भाषेंत, रसाळ आणि स्वच्छ, इतिहास सांगणारें तोंपर्यंत ग्रीसमध्यें जवळजवळ कोणी नव्हतें. तिचा भाऊ अँटोनिस याच्या खोड्यांवरचें पुस्तक १९३२ सालीं आलें. अथेन्सचें बेनाकी संग्रहालय स्थापणारा तो हाच भाऊ.

१९२० च्या उन्हाळ्यांत राजकीय वैराच्या वणव्यांत ड्रागूमिसला अथेन्सच्या रस्त्यावर गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. मारणारे व्हेनिझेलॉस यांच्या पक्षाचे होते, आणि डेल्टा व बेनाकिस हीं घराणीं त्याच पक्षाचे आधारस्तंभ. त्या दिवसापासून तिनें काळीं वस्त्रें घातलीं तीं मरेपर्यंत उतरवलीं नाहींत. पुढें आजारानें तिचें शरीर लुळें झालें. ड्रागूमिसच्या भावानें १९४१ सालीं इऑनच्या रोजनिश्या आणि कागद तिच्या स्वाधीन केले, तेव्हां तिनें त्यांवर हजारएक पानांच्या टीपा सांगून लिहवून घेतल्या. इथाकेच्या राणीनें एक वस्त्र वर्षानुवर्षें अपुरें ठेवलें. हिनें आपलें काम घाईघाईनें पुरें केलें. कारण वेळ उरला नव्हता. त्या वर्षीं २७ एप्रिलला जर्मन सैन्य अथेन्समध्यें शिरलें, आणि त्याच दिवशीं तिनें विष घेतलें. २ मे रोजीं तिचें प्राणोत्क्रमण झालें. किफिसिया येथें स्वतःच्या घराच्या बागेंत तिला पुरलें आहे. थडग्यावर एकच शब्द कोरलेला आहे : 'सियोपी', म्हणजे मौन.

पेनेलोपी या नांवाला तिच्या आयुष्यानें जें वजन आलें तें पुस्तकी अर्थांत मावणारें नाहीं. ती एकनिष्ठ होती काय? पतीशीं, प्रियकराशीं, मुलींशीं, देशाशीं. प्रत्येक ठिकाणीं उत्तर वेगळें येईल. होमरची राणीहि थोडी अशीच आहे. १०८ पुरुषांच्या गराड्यांत, शस्त्र हातीं न घेतां, आपलें मन कोणासहि न कळूं देतां तिनें स्वतःचें म्हणणें राखलें. नवरा आला तेव्हांहि आधीं खात्री केली, मग दार उघडलें. आजच्या आईबापांना ह्या नांवाची जी ओढ वाटते ती तिच्या ह्या न हरवलेल्या स्वत्वाची असावी. अर्थात् नादाचा वांटा मोठा आहेच. चार अक्षरांची ती उतरंड, दुसऱ्या अक्षरावर येणारा आघात, आणि लाडानें हांक मारण्यास 'पेनी' किंवा 'नेल' अशीं सुटसुटीत रूपें, यांचाहि मोह कांहीं कमी नाहीं.

कवीनें ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती त्यांच्याकडेहि एकविसाव्या शतकाचें लक्ष गेलें आहे. मार्गारेट अ‍ॅटवुड या कॅनेडियन लेखिकेनें २००५ सालीं पेनेलोपीच्या तोंडून कथा सांगणारें एक पुस्तक लिहिलें, आणि त्यांत फांशीं गेलेल्या त्या बारा दासींना बोलतें केलें. २०१७ सालीं एमिली विल्सन यांचें 'ओडिसी'चें इंग्रजी भाषांतर निघालें. एका स्त्रीनें केलेलें संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध होण्याचा हा पहिलाच प्रसंग. तोंपर्यंत चारशें वर्षें इंग्रजी पेनेलोपी पुरुष भाषांतरकारांच्याच शब्दांत बोलत होती.

ग्रीसमध्यें जन्मदिवसापेक्षां नामदिनाचें महत्त्व जुनें आहे. ज्या संताचें नांव, त्याच्या सणादिवशीं घरीं मिठाई येते आणि शेजारीपाजारी न बोलावतां शुभेच्छा देण्यास येतात. जुन्या इलिअडांतलीं आणि ओडिसींतलीं नांवें धारण करणाऱ्यांची येथें मोठी पंचाईत होते. त्यांच्यासाठीं समाजानें एक तोड काढून ठेवली आहे. ज्यांच्या नांवाचा कोणी संत नाहीं त्यांनीं आपला नामदिन पेंटेकॉस्टनंतरच्या पहिल्या रविवारीं, सर्व संतांच्या सणाला, साजरा करावा. कित्येक पेनेलोपींच्या घरीं त्याच रविवारीं पाहुण्यांसाठीं दार उघडें असतें.